सिनेटची मतदार नोंदणी: पदवीधरांनी काय करायचं?

पदवी हातात पडली की विद्यापीठाशी आपला संबंध संपला, असं बहुतेकांना वाटतं. पण महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, 2016 नुसार सिनेटमध्ये, म्हणजे अधिसभेत, पदवीधरांच्या 10 जागा असतात. 5 खुल्या, उरलेल्यांपैकी अनुसूचित जाती, अनुसूचित जमाती, विमुक्त-भटक्या जमाती, इतर मागासवर्ग आणि महिलांसाठी प्रत्येकी एक. मुदत 5 वर्षं.

सिनेट परिनियम, म्हणजे विद्यापीठाचे मूळ नियम, करते, वार्षिक अहवाल आणि हिशेबाची झाडाझडती घेते. खरी तिजोरीची चावी मात्र व्यवस्थापन परिषदेकडे: मालमत्ता, करार, खर्च, अध्यादेश, सगळं तिथेच ठरतं आणि अध्यक्षपदी कुलगुरू असतात. सिनेटवरचे दोन पदवीधर तिथेही निवडून जातात. म्हणून सिनेटचं मत फुकट जात नाही.

मतदार होण्यासाठी त्या विद्यापीठाची पदवी हवी आणि ‘नोंदणीकृत पदवीधर’ म्हणून नाव हवं. राज्यातल्या दुसऱ्या विद्यापीठात अशी नोंदणी असेल तर इथे चालत नाही. पुण्याची बीए आणि मुंबईची एमए असली तरी एकच निवडा.

नोंदणी आपोआप होत नाही. विद्यापीठाची अधिसूचना निघाली की मुदतीत ऑनलाइन अर्ज भरायचा. पदवी प्रमाणपत्र, ओळखपत्र, पत्त्याचा पुरावा, फोटो आणि सही आधीच स्कॅन करून ठेवा; नेमकी यादी आणि शुल्क अधिसूचनेत पाहा. राखीव जागेवर उभं राहणाऱ्याला जातीचा दाखलाही लागतो.

अर्ज अडतो तो बहुधा नावावर. पदवीवर माहेरचं नाव, आधारवर सासरचं. माझ्या बहिणीचा अर्ज असाच परत आला. विवाह प्रमाणपत्र जोडल्यावर मार्गी लागला. नाव बदलल्याचं गॅझेट असेल तर तेही जोडा.

मागच्या वेळची नोंदणी आहे म्हणून निर्धास्त राहू नका. मुंबई विद्यापीठात 2023 मध्ये निवडणूक ऐनवेळी स्थगित झाली, मतदान थेट सप्टेंबर 2024 मध्ये झालं. एवढ्या काळात यादी बदलू शकते. म्हणून मतदारांची कच्ची यादी लागली की नाव शोधा. हरकतीचे दिवस मोजकेच असतात.

मतपत्रिकेवर फुली मारायची नसते. पसंतीक्रम आकड्यात लिहायचा: 1, 2, 3. पहिली पसंती न देता नुसतं 2 लिहिलंत, तर मत बाद.