आसेआचं स्वस्तिक आणि नाझी: खुलासा

'आसेआ' या विजेची यंत्रं बनवणाऱ्या स्वीडिश कंपनीच्या जुन्या लोगोत स्वस्तिक आहे म्हणून तिचा बॉस सिगफ्रिड एडस्ट्रॉम नाझी होता आणि लोगो हिटलरवरून घेतला, असं फिरतंय ते साफ चूक आहे. हे चिन्ह 19व्या शतकापासूनचं, तेव्हा नाझी पक्ष जन्मलाही नव्हता, उलट 1933 मध्ये हिटलर आला तसं कंपनीनेच ते काढून टाकलं. एडस्ट्रॉम मूळचा इंजिनिअर, 1902 मध्ये स्वीडनमधल्या गोटेनबर्ग शहरातल्या ट्राम विजेवर आणल्या, 1903 पासून 30 वर्षं कंपनी चालवली, रेल्वेची विजेची इंजिनंही बनवली. आता आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीत असताना तो 1936 च्या बर्लिन ऑलिंपिकवर बहिष्कार नको म्हणाला म्हणून त्याच्यावर टीका होते, ती रास्तच, पण लोगोचा त्या गोष्टीशी काय संबंध?