डोळे पिवळे न करणारी कावीळ आणि मुलांची किडनी

खान्देशात कावीळ म्हटली की अजूनही आधी आठवतो तो मंतरलेल्या काड्यांचा हार. हार लांबत लांबत पोटापर्यंत आला की कावीळ उतरली! काड्या वाळतात, गाठी सैल पडतात, हार लांबतो. त्यात मंत्राचा काही हात नाही. पण हिपॅटायटिस सी, म्हणजे याच नावाच्या विषाणूनं होणारी यकृताची कावीळ, तिच्यापुढे हा हारसुद्धा निरुपयोगी, कारण बहुतेक मुलांचे डोळे पिवळे होतच नाहीत. विषाणू यकृतात गुपचूप वर्षानुवर्षं राहतो. आणि क्वचित एखाद्या मुलाच्या बाबतीत तक्रार येते ती किडनीची. ‘पोर्‍यानं तोंड सुजी गयं’ म्हणत आई येते. सकाळी डोळ्यांखाली सूज, लघवीला फेस, कधी लघवी कोऱ्या चहासारखी. अशा वेळी यकृताकडे कोण बघणार?

या आजाराचा इतिहास खरं तर रक्ताच्या बाटलीचा आहे. रक्त घेतलेल्या काही रुग्णांना होणारी कावीळ हिपॅटायटिस ए नाही, बी पण नाही, हे १९७५ च्या सुमारास कळलं होतं; नावही तेच पडलं, ‘नॉन-ए, नॉन-बी’. विषाणू सापडायला १९८९ उजाडलं. तो शोधणाऱ्यांपैकी मायकेल हाउटन यांना हार्वी ऑल्टर आणि चार्ल्स राइस यांच्यासोबत २०२० मध्ये नोबेल मिळालं. भारतात पैसे घेऊन रक्त देणाऱ्यांवर १ जानेवारी १९९८ पासून बंदी आली, आणि प्रत्येक पिशवीची हिपॅटायटिस सीसाठी तपासणी सक्तीची व्हायला नवं शतक लागलं. त्याआधीच्या पिशवीत काय होतं, ते पिशवीलाच ठाऊक.

आपल्याकडे ही गोष्ट जास्त बोचते. सातपुड्यात, धडगाव-अक्कलकुवा पट्ट्यात, भिल्ल आणि पावरा घरांमध्ये सिकलसेल आहे. सिंधी कुटुंबांमध्ये थॅलेसेमिया. दोन्ही रक्ताचे आनुवंशिक आजार. सिकलसेलच्या मुलाला अधूनमधून रक्त लागतं, गंभीर थॅलेसेमियाच्या मुलाला दर तीन-चार आठवड्यांनी. जोडीला पूर्वी सुई असायची. स्टीलच्या ट्रेमध्ये काचेची सिरिंज, सकाळी एकदा उकळलेली, मग दुपारपर्यंत एकामागून एक दंड. ताप आला की ‘सुई टोचा’ म्हणणारे आपणच होतो, हेही सांगायला हवं.

किडनीशी नातं १९९३ मध्ये नीट पुढे आलं, अमेरिकेतल्या आठ रुग्णांच्या अभ्यासातून. विषाणू आणि त्याच्याविरुद्ध शरीरानं बनवलेली प्रतिपिंडं (अँटीबॉडीज) यांची गठडी रक्तात फिरते, किडनीच्या गाळण्यांत अडकते आणि तिथं दाह सुरू होतो. त्याला बहुधा वर्षं लागतात, म्हणून मुलांमध्ये हे दुर्मीळ. सिकलसेलच्या मुलाच्या बाबतीत आणखी एक घोळ होतो: सिकलसेल स्वतःच किडनी खराब करतो, त्यामुळे लघवीतली प्रथिनं त्याच्याच खात्यावर जमा होतात.

रक्तात फिरणाऱ्या त्या गठडीतली काही प्रथिनं थंडीत साकळतात. म्हणून त्यांच्या तपासणीचा नमुना प्रयोगशाळेत रक्त वेगळं होईपर्यंत अंगाच्या उबेइतका, ३७ अंशांवर ठेवावा लागतो. नेहमीच्या सवयीनं तो बर्फाच्या डब्यात घालून रात्रीच्या गाडीनं मुंबईला पाठवला, तर प्रथिनं वाटेतच रक्ताच्या गाठीबरोबर खाली बसतात. रिपोर्ट येतो, ‘नॉर्मल’.

उपचारही बराच काळ त्रासाचेच होते. इंटरफेरॉनच्या सुया आणि त्यांचा ताप. रिबाव्हिरिननं रक्त आणखी कमी, म्हणजे थॅलेसेमियाच्या पोरावर दुहेरी मार. नुसत्या स्टेरॉइडनं सूज ओसरायची, पण विषाणूला मोकळं रान मिळायचं. २०१३ मध्ये अमेरिकेत सोफोस्बुव्हिर या थेट विषाणूवर काम करणाऱ्या गोळीला मंजुरी मिळाली आणि चित्र पालटलं. बारा वर्षांपुढच्या मुलांना ते तिथं २०१७ मध्ये खुलं झालं, तीन वर्षांपुढच्यांना २०१९ मध्ये. भारतात २८ जुलै २०१८ ला हिपॅटायटिसचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू होऊन औषधं सरकारी दवाखान्यात मोफत आली. बहुतेकांना बारा आठवडे गोळ्या. शंभरातले पंचाण्णव तरी बरे होतात. किडनीत पडलेला व्रण मात्र पुसला जात नाही.

बरं झाल्यावरही पट्टीवरची चाचणी पॉझिटिव्हच येते, कारण प्रतिपिंडं रक्तात बराच काळ टिकतात. शाळेच्या तपासणीत ती पट्टी पाहून घरचे पुन्हा हादरतात. अशा वेळी व्हायरल लोडच, म्हणजे रक्तात प्रत्यक्ष विषाणू किती आहे ही चाचणी, करून घ्यायचा.