सीएचमॉड ७७७ च्या सवयीची पार्श्वभूमी

सीएचमॉड ही यूनिक्स-लिनक्सवर फाइलच्या परवानग्या बदलायची आज्ञा. तिचे तीन आकडे अनुक्रमे मालक, ग्रुप आणि बाकीचे यांच्यासाठी असतात, आणि ७७७ म्हणजे वाचणं, लिहिणं, चालवणं सगळ्यांनाच खुलं. फाइलला मालक असतो ही कल्पना यूनिक्सच्या १९७१ च्या पहिल्या मॅन्युअलमध्येच दिसते. तेव्हा मालक आणि बाकीचे एवढाच भेद होता, ग्रुप नंतर आला. यूजर म्हणजे टर्मिनलपुढे बसलेला माणूस, असं त्यात गृहीत होतं.

वेब सर्व्हरने हे गृहीतक मोडलं. वेबच्या विनंत्या येतात ते पोर्ट ८० उघडायला रूट (सर्वाधिकारी खातं) लागतो, म्हणून अपाची हा वेब सर्व्हर रूटच्या नावाने सुरू होतो आणि प्रत्यक्ष विनंत्या मात्र ‘नोबडी’सारख्या बिनअधिकाराच्या खात्यावर हाताळतो. पुढे या कामासाठी लिनक्सच्या आवृत्त्यांपैकी डेबियनने डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू-डेटा हे खातं ठेवलं, रेड हॅटने अपाची याच नावाचं. साइटवर नुसती एचटीएमएल पानं होती तोवर काही अडलं नाही, कारण सर्व्हरला फक्त वाचायचं होतं.

अडलं ते शेअर्ड होस्टिंगमध्ये. एकाच यंत्रावर असंख्य ग्राहक, आणि पीएचपी ही स्क्रिप्टची भाषा अपाचीच्या आतलं मॉड्यूल असल्यामुळे सगळ्यांच्या स्क्रिप्ट एकाच खात्याने चालायच्या. एफटीपीने चढवलेली फाइल ग्राहकाच्या नावावर, स्क्रिप्टने तयार केलेली सर्व्हरच्या नावावर. दुसरी ग्राहकाला बदलताही यायची नाही. मालक बदलायची आज्ञा सीएचओन, ती रूटशिवाय चालत नाही, त्यामुळे अपलोडचं फोल्डर चालतं करायला त्याच्या हातात ७७७ तेवढं उरलं. अडाणीपणा म्हणून त्याला हसणं सोपं आहे, पण दुसरी वाट होस्टिंगवाल्यांनीच ठेवली नव्हती.

वाट नव्हतीच असंही नाही. १९९७ मध्ये अपाची १.२ बरोबर सूएक्झेक आलं. त्यात सीजीआय स्क्रिप्ट (सर्व्हरबाहेर वेगळा प्रोग्रॅम म्हणून चालणारी) तिच्या मालकाच्या नावाने चालते, आणि फोल्डर ७७७ असेल तर ती चालवायलाच नकार मिळून ५०० ची एरर येते. पण सीजीआयमध्ये दर विनंतीला नवी प्रोसेस लागते. मॉड्यूल वेगवान होतं, म्हणून वेग निवडला गेला.

त्या निवडीची भरपाई म्हणून पीएचपीत सेफ मोड वापरला गेला. उघडायच्या फाइलचा मालक आणि स्क्रिप्टचा मालक एकच आहे का, हे तो तपासायचा. कागदावर ठीक. आता स्क्रिप्टनेच एक फोल्डर तयार केलं असं समजा. त्याचा मालक सर्व्हरचं खातं झालं, आणि पुढच्या क्षणी त्याच स्क्रिप्टला त्यात फाइल ठेवायला मनाई! मालकाऐवजी ग्रुप जुळला तरी चालेल अशी सवलत मग ठेवावी लागली. शिवाय पहारा भाषेच्या पातळीवर होता. शेजाऱ्याने पर्लमध्ये स्क्रिप्ट लिहिली की तो संपला. परवानग्या सांभाळणं हे कर्नलचं, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याचं काम, भाषेने ते अंगावर घ्यायलाच नको होतं. २००९ मध्ये पीएचपी ५.३ ने सेफ मोड कालबाह्य ठरवला, २०१२ मध्ये ५.४ ने काढून टाकला.

दरम्यान, २०१० च्या ५.३.३ मध्ये एफपीएम, म्हणजे पीएचपी अपाचीबाहेर स्वतंत्र प्रोसेसमध्ये चालवणारी व्यवस्था, पीएचपीचाच भाग झालं होतं. प्रत्येक साइटला प्रोसेसचा वेगळा पूल आणि वेगळं खातं देता येऊ लागलं, आणि ७७७ ची गरज तांत्रिकदृष्ट्या तिथेच संपली. सवय मात्र टिकली.

त्यानंतरचा वाद कोडच्या मालकीचा. वर्डप्रेस हे पीएचपीत लिहिलेलं साइट बनवायचं सॉफ्टवेअर एक तात्पुरती फाइल लिहून तिचा मालक ताडून पाहतं. तो जुळला नाही तर अपडेटच्या वेळी एफटीपीचा पासवर्ड मागतं. २०१३ च्या ३.७ पासून अपडेट आपोआप होऊ लागले, तेव्हा सगळं पीएचपीच्या खात्याच्या नावावर करून टाकणं सोयीचं वाटू लागलं. सोयीचं आहेच, पण एखाद्या प्लगइनला भोक पडलं की हल्लेखोरालाही कोड बदलता येतो. कोड वेगळ्या मालकाचा (फोल्डर ७५५, फाइल ६४४, म्हणजे लिहिणं फक्त मालकाला) आणि लिहिण्याची मुभा फक्त अपलोडच्या फोल्डरात, ही मांडणी कटकटीची असली तरी माझं मत तिच्याच बाजूने.

एसई-लिनक्स, म्हणजे फाइलवरच्या लेबलांवरून परवानगी ठरवणारा कर्नलचा जादा पहारा, आल्यावर ७७७ देऊनही दार उघडेनासं झालं. होम फोल्डरमधून एमव्ही या आज्ञेने हलवलेली फाइल जुनं लेबल सोबत नेते. त्यावर लेबल दुरुस्त करणारी रिस्टोरकॉन आज्ञा चालवण्याऐवजी एसई-लिनक्सच बंद करण्याचा सल्ला सर्रास दिला जातो. कंटेनरमध्ये (प्रोग्रॅमला त्याच्या फाइलींसह वेगळं ठेवणाऱ्या खोक्यात) तर खात्याचं नाव जुळूनही भागत नाही, कारण कर्नल खात्याचा नंबर पाहतो: डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू-डेटा डेबियनवर ३३, आणि अल्पाइन या छोट्या लिनक्सवरच्या पीएचपी इमेजमध्ये (कंटेनरच्या तयार साच्यात) ८२.