सेकंडहँड स्पोर्ट्स कार घेताय? सोलापुरात ती नावावर होईपर्यंत काय काय तपासायचं

जानेवारीत गड्ड्याची यात्रा जवळ आली की सोलापुरात गाड्यांचे व्यवहार घाईत होतात. यात्रेआधी गाडी दारात हवी असते, समोरचा म्हणतो "फॉर्मवर सही करून देतो, नाव ट्रान्सफर नंतर सावकाश करू", आणि आपण मान हलवतो. साध्या हॅचबॅकच्या बाबतीत ही चूक बहुतेक वेळा निभावून जाते. दोनशेच्या आसपास किंवा वर हॉर्सपॉवर असलेल्या गाडीच्या बाबतीत ती फार महाग पडते, कारण अशी गाडी आपल्याकडे येईपर्यंत तिच्यामागे कर्ज, चलनं, बदललेला सायलेन्सर, बाहेरच्या राज्याचं पासिंग असं बरंच काही साठलेलं असतं.

मी स्वतः यातून गेलोय. चार वर्षांपूर्वी पुण्याहून एक टर्बो पेट्रोल गाडी आणली. टोकन दिलं, गाडी चालवून पाहिली, जीव जडला. रात्री घरी बसून परिवहनच्या संकेतस्थळावर नंबर टाकला, तर फायनान्स कंपनीचा बोजा जसाच्या तसा! मालक म्हणाले कर्ज कधीच फिटलंय, एनओसीपण आहे. ती एनओसी होती खरी, पण तिच्यावर छापलेली मुदत संपून वर्ष झालं होतं. नवी एनओसी काढायची, तर आरसीला जोडलेला मोबाइल नंबर बंद पडलेला, म्हणजे ओटीपी यायलाच जागा नाही. गाडी माझ्या नावावर व्हायला तीन महिने लागले, आणि ते तीन महिने ती ताडपत्रीखाली उभी होती. म्हणून हा क्रम सांगतोय: आधी कागद, मग इंजिन, मग पैसे.

टोकनच्या आधी

विक्रेत्याकडून आरसीचे दोन्ही बाजूंचे फोटो मागवा. एम-परिवहन ॲपवर नंबर टाकून मालकाचा अनुक्रमांक, नोंदणीची तारीख, विम्याची व पीयूसीची मुदत आणि बोजा बघा. मालकाचं पूर्ण नाव तिथे झाकलेलं दिसतं, त्यामुळे मूळ आरसी आणि विकणाऱ्याचं ओळखपत्र समोरासमोर ताडून घ्यायचं. विकणारा "तिसरा मालक" म्हणवत असेल आणि नोंदीत अजून दुसऱ्या क्रमांकाचाच मालक असेल, तर मधल्या माणसाने गाडी नावावर न करताच पुढे सरकवली आहे. अशा वेळी फॉर्मवर नोंदीतल्या मालकाचीच सही लागते. तो माणूस भेटत नसेल तर तिथेच थांबा.

चलनं महाराष्ट्र वाहतूक पोलिसांच्या ई-चलन संकेतस्थळावर गाडी नंबर आणि चेसी नंबरचे शेवटचे आकडे टाकून दिसतात. असल्या गाड्यांवर वेगाची चलनं हमखास असतात, पुणे-मुंबई एक्स्प्रेस वेवरची तर जास्तच. सगळी चलनं व्यवहाराआधी विक्रेत्यानेच भरायची. चोरीच्या खात्रीसाठी एनसीआरबीची (राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाची) 'वाहन समन्वय' ही सोय आहे. तिथे गाडी, इंजिन आणि चेसी नंबर देऊन चोरीच्या नोंदीशी जुळतं का ते कळतं.

आता विम्याची पॉलिसी उघडा. तिच्यात नो क्लेम बोनसचा, म्हणजे क्लेम न घेतल्याबद्दल हप्त्यात मिळणाऱ्या सवलतीचा आकडा असतो. क्लेम न घेतलेल्या पहिल्या वर्षानंतर तो 20 टक्के असतो, मग 25, 35, 45 आणि शेवटी 50. गाडी सहा वर्षांची, मालक एकच आणि बोनस शून्य किंवा 20 असेल, तर गेल्या एक-दोन वर्षांत क्लेम झालेला असण्याची शक्यता मोठी. कशाचा क्लेम, किती रुपयांचा, कुठल्या वर्कशॉपमध्ये काम झालं, हे सरळ विचारा आणि बिल मागा. अपघात लपवणारा माणूस रंग नवा करतो, हा आकडा मात्र विसरतो.

गाडी कायद्याने नावावर होण्यासारखी आहे का

महाराष्ट्रातलंच पासिंग असेल, मग ते एमएच-12 असो वा एमएच-14, तर नंबर तोच राहतो आणि हस्तांतरण व पत्ता बदल आपल्याकडे होतो. सोलापूर शहराचं एमएच-13, अकलूजचं एमएच-45. आपला पत्ता कुठल्या कार्यालयाच्या हद्दीत येतो ते आधी पाहून ठेवा.

बाहेरच्या राज्याच्या गाडीचं काम मोठं आहे. विजयपूर आपल्यापासून शंभर किलोमीटरवर, हैदराबाद सरळ महामार्गावर. त्यामुळे कर्नाटक आणि तेलंगण पासिंगच्या गाड्या सोलापुरात सहज दाखवल्या जातात. कर कमी म्हणून पुदुच्चेरीत नोंदवलेल्या महागड्या गाड्याही बाजारात फिरतात. अशा गाडीला मूळ आरटीओची फॉर्म 28 वरची एनओसी लागते, इथे फॉर्म 27 भरून नवा नंबर घ्यावा लागतो आणि महाराष्ट्राचा एकरकमी कर भरावा लागतो. दुसऱ्या राज्यात बारा महिन्यांहून जास्त काळ ठेवलेली गाडी तिथे नव्याने नोंदवणं कायद्याने बंधनकारक आहे, त्यामुळे "तसंच फिरवा, कोण विचारतंय" हा सल्ला ऐकू नका. आयात केलेल्या आणि कंपनीच्या नावावरच्या गाडीला आपल्याकडे कराचा दर 20 टक्के आहे. परराज्यातली गाडी चार लाखांनी स्वस्त वाटते, ती कराचा आकडा हातात आल्यावर स्वस्त राहतेच असं नाही. हिशोब आरटीओतून काढून आणा, मगच सौदा करा.

पूर्ण आयात गाडी असेल तर कस्टम्सची बिल ऑफ एंट्री (आयातीच्या नोंदीचा कागद) आणि पहिल्या विक्रीचं बिल पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नका. सप्टेंबर 2025 मध्ये कस्टम्सने केरळात 'ऑपरेशन नुमखोर' राबवून भूतानमार्गे आणलेल्या महागड्या गाड्या ताब्यात घेतल्या. त्यांची कागदपत्रं बनावट असल्याचा संशय होता. अशा प्रकरणात गाडी जाते ती शेवटच्या मालकाच्या दारातून.

वयही मोजा. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असते. पुढचं नूतनीकरण फॉर्म 25 ने होतं. 1 एप्रिल 2022 पासून पंधरा ते वीस वर्षांच्या साध्या कारला नूतनीकरणाची फी 5,000 रुपये आहे, आयात कारला 40,000. शिवाय महाराष्ट्रात पर्यावरण कर वेगळा. 2012 च्या आयात कूपेची (दोन दारांच्या स्पोर्टी गाडीची) किंमत आकर्षक का दिसते, त्याचं एक कारण हे आहे.

आणि बदल केलेली गाडी. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 नुसार कंपनीने दिलेल्या मूळ रचनेत फेरफार करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2019 मध्ये हे स्पष्ट केलं. मोकळा एग्झॉस्ट, आरसीवर नसलेला रंग, दुसरं इंजिन, काळ्या फिल्म, हे सगळं नावावर करताना किंवा पुढच्या नाक्यावर आडवं येतं. बाहेरून न दिसणारा बदल म्हणजे रिमॅप, इंजिनच्या कॉम्प्युटरचं ट्युनिंग. ते विमा कंपनीला कळवलेलं नसेल तर मोठ्या अपघातानंतर क्लेमवरून वाद होतो. मूळ सायलेन्सर आणि मूळ सॉफ्टवेअर परत बसवून द्यायची अट सौद्यातच घाला.

गाडीजवळ उभं राहून

आपल्या बाजारात येणाऱ्या अशा गाड्या थोड्याच असतात. 2016 मध्ये आलेली तीन दारांची फोक्सवॅगन पोलो जीटीआय, 2017 ची स्कोडा ऑक्टाव्हिया व्हीआरएस, 2020 मध्ये दोनशेच नग आलेली व्हीआरएस 245, मिनी कूपर एस, बीएमडब्ल्यूची एम मालिका. संख्या कमी म्हणून सुटे भाग सहज मिळत नाहीत, आणि म्हणून तपासणी चोख हवी.

सकाळी लवकर जा आणि विक्रेत्याला आदल्या रात्रीच सांगा की गाडी सुरू करून ठेवू नका. बॉनेटवर हात ठेवा. ऊब लागली तर दुसऱ्या दिवशी परत या. थंड इंजिन पहिल्यांदा सुरू होताना साखळीचा खडखडाट, मागून निळा धूर, हे पहिल्या पाच सेकंदांत दिसतं आणि नंतर दडून जातं. निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय. पांढरा धूर इंजिन तापल्यावरही थांबत नसेल तर कूलंट आत शिरतंय.

टायरच्या कडेवर चार आकडे असतात. 2319 म्हणजे 2019 चा तेविसावा आठवडा. आपल्याकडचं मे महिन्याचं ऊन रबराला कडक करतं. नक्षी शिल्लक असली तरी सहा-सात वर्षांचं टायर या वेगाच्या गाडीला नको. चारही टायर एकाच बनावटीचे नसतील तर आधीच्या मालकाने खर्च कुठे कुठे वाचवला असेल याचा अंदाज येतो. ब्रेक डिस्कच्या कडेवरून बोट फिरवा. ठळक उंचवटा लागला तर डिस्क झिजली आहे, आणि अशा गाडीच्या डिस्कचा सेट स्वस्त नसतो.

गाडी लिफ्टवर चढवाच. उसाच्या ट्रॅक्टरसाठी घातलेले गतिरोधक आणि खाली बसलेली गाडी, यांचं जमत नाही. ऑइल चेंबरला घासल्याच्या खुणा, वाकलेलं कव्हर, वेल्डिंगचे ताजे टाके तिथेच सापडतात. रंगाची जाडी मोजायचं मीटर भाड्याने किंवा ओळखीतून मिळतं. कंपनीचा रंग साधारण 100 ते 180 मायक्रॉनमध्ये येतो. एकाच पॅनेलवर 300 च्या वर आकडा आला तर तिथे पुन्हा रंग किंवा पुट्टी आहे.

दुहेरी क्लचचा ऑटोमॅटिक गिअर असेल तर गर्दीत चालवून पाहा. आसरा चौकातल्या संध्याकाळच्या वाहतुकीत पहिला-दुसरा गिअर झटके देत असेल तर ते महामार्गावर कळणार नाही. ओल्या क्लचच्या सहा गिअरच्या डीएसजीला (फोक्सवॅगन-स्कोडाच्या दुहेरी क्लचच्या गिअरबॉक्सला) दर साठ हजार किलोमीटरला गिअर ऑइल बदलावं लागतं. त्याचं बिल मागा. "सर्व्हिस सगळी झालीय" हे बिल नव्हे. शेवटी, शक्य असेल तर त्या कंपनीच्या अधिकृत वर्कशॉपमध्ये चेसी नंबरवरून जुना सर्व्हिस इतिहास आणि स्कॅन रिपोर्ट काढा. त्यासाठी पुण्याला जावं लागलं तरी अडीचशे किलोमीटरचं इंधन वसूल होतं.

अर्ज आणि कागद

हस्तांतरणाची सूचना फॉर्म 29 वर, अर्ज फॉर्म 30 वर. दोन्हींवर विकणाऱ्याची सही, फॉर्म 30 वर घेणाऱ्याचीही. सोबत मूळ आरसी, चालू विमा, पीयूसी, दोघांची ओळखपत्रं आणि पॅन, तुमचा पत्त्याचा पुरावा, फोटो आणि चेसी नंबरचा पेन्सिल ठसा. बोजा असेल तर बँकेची ताजी एनओसी आणि बोजा उतरवायचा फॉर्म 35. तुम्ही नवं कर्ज काढत असाल तर बोजा चढवायचा फॉर्म 34. पत्ता बदलासाठी फॉर्म 33. मालक वारले असतील तर वारसाने आधी फॉर्म 31 ने गाडी आपल्या नावावर करून घ्यावी लागते. गाडी कंपनीच्या नावावर असेल तर अधिकार दिल्याचं पत्र, कंपनीचा पॅन आणि शिक्का मागा.

मान्यताप्राप्त डीलरकडून घेत असाल तर एप्रिल 2023 पासूनच्या नियमांनुसार त्याने फॉर्म 29सी ने गाडी ताब्यात घेतल्याची नोंद केलेली असायला हवी. ती दाखवायला सांगा. जो दाखवत नाही, तो कागदोपत्री या व्यवहारात कुठेच नाही.

अर्ज परिवहनच्या संकेतस्थळावरून सुरू होतो. आधार ओटीपीची घरबसल्या सोयही आहे. म्हणून सगळ्यात आधी आरसीला जोडलेला मोबाइल नंबर चालू आहे का, ते विक्रेत्याच्या हातातल्या फोनवर ओटीपी मागवून पाहा. माझं काम इथेच अडकलं होतं. 1 एप्रिल 2019 पूर्वीच्या गाडीला एचएसआरपी (उच्च सुरक्षा नंबर) पाटी नसेल तर ती आधी बसवून घ्या, नाहीतर आरटीओतलं काम थांबतं.

मुदती कायद्यात ठरलेल्या आहेत. राज्यातल्याच गाडीसाठी विक्रेत्याने 14 दिवसांत, परराज्याच्या गाडीसाठी 45 दिवसांत कळवायचं, आणि घेणाऱ्याने 30 दिवसांत. विक्रेत्यालाही हे समजावून सांगा, त्याचं हित त्यात जास्त आहे. सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्ये नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात सांगितलं की अपघाताच्या भरपाईची जबाबदारी नोंदीत ज्याचं नाव आहे त्याचीच, मग गाडी किती का हातांतून गेलेली असेना.

विम्याचंही 14 दिवसांतच. थर्ड पार्टी संरक्षण गाडीबरोबर येतं, पण तुमच्या गाडीच्या नुकसानीची भरपाई पॉलिसी तुमच्या नावावर होईपर्यंत मिळत नाही. जुन्या मालकाचा नो क्लेम बोनस त्याच्याबरोबर जातो, फरकाचा हप्ता तुम्ही भरायचा.

पैसे बँकेतूनच. एका व्यवहारात दोन लाख किंवा त्याहून जास्त रोख स्वीकारता येत नाही, रोख स्वीकारणाऱ्याला तेवढ्याच रकमेचा दंड आहे. बोजा असेल तर उरलेलं कर्ज थेट बँकेच्या कर्जखात्यात भरा, बाकी मालकाला द्या, आणि थोडी रक्कम आरसीवर नाव चढेपर्यंत राखून ठेवायचं करारात लिहून घ्या. किल्ली घेताना तारखेबरोबर वेळही लिहा, म्हणजे त्याच दिवशी सकाळी पडलेलं चलन कोणाचं यावर भांडण होत नाही. दुसरी किल्ली, व्हील लॉकचं (चाकाच्या चोरीविरोधी नटाचं) सॉकेट आणि रेडिओचा कोड त्याच बैठकीत मागा. व्हील लॉकचं सॉकेट नसेल तर पहिलं पंक्चर काढतानाच अडाल.