अभिप्राय, कृत्रिम बुद्धिमत्तेचा

विद्यार्थ्याच्या लेखी कामात काय साधले, काय राहिले आणि पुढे काय करावे, हे संगणकीय भाषाप्रारूपाकडून, म्हणजे चॅटजीपीटीसारख्या मजकूर लिहिणाऱ्या प्रणालीकडून, सांगून घेण्याची पद्धत. गुण देणे वेगळे. ‘अक्षर सुधारा’ हा शेरा झाला. ‘दुष्काळाची कारणे सांगितलीस, परिणाम राहिले’ हा अभिप्राय.

अमेरिकेत एलिस पेज यांनी 1966 च्या सुमारास निबंधांना गुण देणारी संगणकीय प्रणाली मांडली. निबंधाची लांबी, स्वल्पविराम अशा वरवरच्या खुणांवरून ती परीक्षकाच्या जवळपास जाणारे गुण काढी. नोव्हेंबर 2022 मध्ये चॅटजीपीटी आल्यापासून सलग वाक्यांतला अभिप्राय कुणालाही मिळू लागला. दुरुस्ती चुकीची असली तरी ती तितक्याच ठामपणे सांगितली जाते.

मराठवाड्यातल्या गुरुजी-बाईंना याची ओढ का वाटावी, हे उघड आहे. राज्यात 2010 मध्ये सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आले आणि त्याबरोबर प्रत्येक मुलाची वर्णनात्मक नोंदही. अशा नोंदींच्या तयार याद्या व्हॉट्सॲपवर फिरतात, त्यामुळे उसन्या शेऱ्याचे खापर यंत्रावर फोडता येत नाही.

खरी अडचण बोलीची आहे. लातूर-नांदेडकडचे मूल ‘काय करायलास?’ असे सहज लिहिते. छापील मराठीवर वाढलेले प्रारूप त्याला व्याकरणाची चूक ठरवू शकते. संवादलेखनात ते रूप शोभते, मुख्याध्यापकांना लिहिलेल्या अर्जात नाही. हा भेद शिक्षकाला प्रारूपाला द्यायच्या सूचनेतच लिहून द्यावा लागतो. देगलूरकडे तेलुगूचा, उदगीरकडे कन्नडचा शेजार आणि तांड्यावर घरात गोरमाटी ही बंजारा बोली, म्हणजे गुंता आणखी वाढतो.

वहीच्या फोटोचा घोळ निराळाच. मुलाने ‘पाणि’ लिहिलेले असते, प्रारूप अक्षर वाचतानाच ते ‘पाणी’ करून टाकते आणि दाखवायची चूक परस्पर नाहीशी होते. शुद्धलेखनापुरती तरी मूळ वही समोर हवीच. फोटोतले नाव आणि हजेरी क्रमांक आधी झाकावेत. 2023 च्या डिजिटल वैयक्तिक विदा (डेटा) संरक्षण कायद्यात 18 वर्षांखालील मुलांच्या माहितीसाठी पालकांच्या पडताळणीयोग्य संमतीची तरतूद आहे.

बीडकडच्या काही वह्यांत दिवाळीनंतर पाने कोरीच राहतात. प्रारूप तिथे ‘नियमित सराव करावा’ असे सुचवील. मूल आईबापांबरोबर ऊसतोडीला गेले होते, हे वर्गातल्या बाईंना ठाऊक असते.