राहून गेलेली दुरुस्ती: लिनक्समधल्या 'डर्टी काऊ'ची पार्श्वभूमी

बेळगावात ऑपरेटिंग सिस्टीम शिकवताना 'कॉपी-ऑन-राइट' आलं की मी शेतजमिनीच्या उताऱ्याचं उदाहरण घेतो. खानापूर-निपाणीकडच्या मुलांना ते घरचंच. शेजारी बसलेल्या कन्नड मुलांना 'पहाणी' म्हटलं की पुरे. अस्सल उतारा दप्तरात असतो आणि वाचायला सगळ्या भावांना तोच चालतो. एखाद्याला त्यावर वाटणीची रेघ ओढायची झाली, तर त्याच्यापुरती झेरॉक्स काढायची. कर्नल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीमचा गाभा, मेमरीच्या ४ केबीच्या पानांबाबत हेच करतो. लिहायची वेळ आल्याखेरीज प्रत काढत नाही, म्हणून मेमरी वाचते.

ऑक्टोबर २०१६ मध्ये लिनक्समध्ये उघड झालेली 'डर्टी काऊ' ही चूक या झेरॉक्सपाशीच होती. 'काऊ' (COW) हे कॉपी-ऑन-राइटचंच लघुरूप. प्रोग्राम लिहायला पान मागतो, कर्नल प्रत काढतो आणि आता काम झालं असं धरून 'लिहायचं आहे' ही खूण पुसतो. तेवढ्यात त्याच प्रोग्रामचा दुसरा थ्रेड, म्हणजे सोबतच चालणारा दुसरा धागा, 'मॅडव्हाइज' या कर्नलला करायच्या विनंतीमार्फत कळवतो, की हे पान नको. प्रत टाकून दिली जाते. कर्नल पान पुन्हा शोधतो, पण लिहिण्याची खूण पुसलेली असल्यामुळे त्याच्या हाती मेमरीत आणलेल्या फाइलचं अस्सल पान येतं आणि पेन त्यावरच टेकतं. जी फाइल फक्त वाचायची मुभा आहे, ती साधा वापरकर्ता बदलू शकतो. तिथून रूटचे, म्हणजे यंत्राच्या सर्वाधिकारी खात्याचे, अधिकार मिळवणं फार लांब नाही.

ही फट लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स यांना २००५ मध्येच दिसली होती. त्यांनी ती बुजवलीही, पण त्या दुरुस्तीची भिस्त 'डर्टी बिट'वर होती, म्हणजे पानावर लिहिलं गेल्याच्या नोंदीवर. आयबीएमच्या एस३९० मेनफ्रेमवर ही नोंद पेज टेबलात, म्हणजे कोणतं पान कुठे आहे याच्या तक्त्यात, राहतच नसे. त्यामुळे तिथे अडचण आली आणि दुरुस्ती लगेच मागे घेतली गेली. दोन थ्रेडमधली ही शर्यत जिंकणं, म्हणजे नेमक्या त्या क्षणी प्रत टाकायला लावणं, तेव्हा जवळपास अशक्य होतं. पुढे मेमरीची व्यवस्था अनेक थ्रेडना एकाच वेळी पेलू लागली आणि ती सोपी झाली. मला खरी रुखरुख पुढच्या गोष्टीची आहे. एस३९०ची अडचण २०१३ च्या ३.९ आवृत्तीत दूर झाली, तरी मागे घेतलेल्या दुरुस्तीकडे आणखी तीन वर्षं कुणी वळलं नाही. शेवटी या फटीचा वापर करून हल्ला झाला, तेव्हाच ती पुन्हा समोर आली. ती कळवणाऱ्या फिल ओस्टर यांनी आपल्या सर्व्हरवर येणारी वाहतूक साठवून ठेवली होती, म्हणून हल्ल्याचा प्रोग्राम त्यांच्या हाती लागला.

नव्या दुरुस्तीत लिहिण्याची खूण पुसणं बंद झालं. 'प्रत काढून झाली आहे' असं सांगणारी 'फोल-काऊ' ही वेगळी खूण आली आणि तिच्या जोडीला डर्टी बिटची तपासणी. हीच तपासणी २ एमबीच्या मोठ्या पानांनाही लावली गेली. पण तिथे प्रत न काढताही 'डर्टी' नोंद चढू शकत होती. नोव्हेंबर २०१७ मध्ये ते उघडकीला आलं आणि दुरुस्तीचीच दुरुस्ती करावी लागली.