माल्को तर्नोवो: सीमेने रिकामा केलेला मुलूख

बल्गेरियाच्या आग्नेय कोपऱ्यात, काळ्या समुद्रापासून थोडं आत, तुर्कस्तानच्या सीमेला टेकून माल्को तर्नोवो हे छोटं शहर आहे. नावाचा अर्थ 'धाकटं तर्नोवो'. थोरलं ते जुन्या राजधानीचं वेलिको तर्नोवो. हे शहर आणि भोवतालची १२ गावं मिळून एक 'ओब्श्तिना' होते. ओब्श्तिना म्हणजे साधारण तालुक्यासारखा विभाग, फक्त त्याला स्वतःचा निवडून दिलेला महापौर असतो. क्षेत्रफळ ८०० चौरस किलोमीटरच्या आसपास, आणि २०११ च्या जनगणनेत लोकसंख्या चार हजारांच्या आत. त्यातलीही निम्म्याहून जास्त माणसं शहरातच. सीमेलगतच्या स्लिवारोवोत तर बोटांवर मोजण्याइतकीच उरली आहेत.

आकडे वाचून मुलूख उजाड असेल असं वाटतं, पण तसं अजिबात नाही. इथला स्ट्रांजा हा बुटका डोंगर. बल्गेरियाच्या बाजूचं त्याचं सर्वांत उंच शिखर ग्रादिश्ते अवघं ७१० मीटरचं. समुद्र जवळ असल्यामुळे हिवाळा सौम्य. ओक आणि बीचची दाट रानं, त्यांच्या सावलीत वसंतात जांभळ्या फुलांनी लगडणारी 'झेलेनिका', म्हणजे ऱ्होडोडेंड्रॉनची एक प्राचीन जात. वेलेका नदी तुर्कस्तानातून येऊन याच रानातून समुद्राकडे जाते. दक्षिणेला रेझोव्स्का. ती नदीच सीमा आहे, आणि इथल्या लोकसंख्येची कहाणी या सीमेशिवाय समजत नाही.

१८७८ मध्ये बल्गेरिया उभा राहिला तेव्हा हा भाग ऑटोमन साम्राज्यातच राहिला. १९०३ च्या जुलैत स्तोइलोवो गावाजवळच्या पेत्रोवा निवा या माळावर ऑटोमन सत्तेविरुद्धच्या बंडखोरांची सभा भरली आणि ऑगस्टमध्ये उठाव झाला. काही आठवडे स्ट्रांजातली गावं स्वतःचा कारभार चालवत होती. मग फौज आली, गावं जळाली, हजारो लोक उत्तरेला पळाले.

बाल्कन युद्धांनंतर १९१३ च्या कॉन्स्टँटिनोपल तहाने माल्को तर्नोवो बल्गेरियाला मिळालं. हा विजय खरा, पण त्याची किंमत फारशी सांगितली जात नाही. इथली मेंढरं, कोळसा, लाकूड आजवर दक्षिणेला जात होतं. लोझेनग्राद, म्हणजे आजचं किर्कलारेली, हा जवळचा बाजार. तो एका तहाने परदेश झाला. पूर्व थ्रेसमधून, म्हणजे तुर्कस्तानच्या युरोपातल्या भागातून, हाकलले गेलेले बल्गेरियन निर्वासित इथे येऊन वसले आणि स्ट्रांजातले ग्रीक पुढच्या काही वर्षांत निघून गेले. घरं तीच राहिली, माणसं बदलली.

कम्युनिस्ट राजवटीत तर हा दोन लष्करी गटांमधला सीमाभाग ठरला. तुर्कस्तान नाटोत होता, बल्गेरिया सोव्हिएत गटात. काटेरी तारांचं कुंपण, पाऊल उमटावं म्हणून नांगरून ठेवलेली मातीची पट्टी, आणि बाहेरच्या माणसाला आत यायला खास परवाना. गावं ओस पडू लागली, तेव्हा १९८२ मध्ये सरकारने 'स्ट्रांजा-साकार, तरुणाईचं प्रजासत्ताक' अशी मोहीम काढून तरुणांना सवलती देऊन इथे वसवायचा प्रयत्न केला. एका हाताने मुलूख बंद ठेवायचा आणि दुसऱ्या हाताने माणसं बोलवायची, हे जमणार तरी कसं? १९८९ नंतर राजवट गेली, तांब्याची खाण बंद पडली, रोजगार आटला. ज्यांना जाता आलं ते बुर्गासला, सोफियाला, आणि २००७ मध्ये देश युरोपीय संघात गेल्यावर आणखी लांब गेले.

जंगलाला मात्र या बंदीचा फायदाच झाला. १९९५ मध्ये घोषित झालेलं स्ट्रांजा निसर्गउद्यान हे बल्गेरियातलं सर्वांत मोठं संरक्षित क्षेत्र आहे आणि ही सगळी ओब्श्तिना त्यात येते.

ब्रश्ल्यान गावात हा इतिहास हाताला लागतो. पूर्वी त्याचं नाव सार्माशिक होतं. तुर्की 'सार्माशिक' आणि बल्गेरियन 'ब्रश्ल्यान' या दोन्ही शब्दांचा अर्थ एकच, आयव्हीची वेल. राज्य बदललं तसं नाव फक्त भाषांतरित झालं. इथली घरं खाली दगडी, वर ओकच्या फळ्यांनी मढवलेली. खालच्या मजल्यावर गुरं बांधायची आणि वरच्या मजल्यावर कुटुंब राहायचं. आज ही घरं पाहायला पाहुणे येतात, चूल पाहतात, फळ्यांवरून हात फिरवतात. खालचा मजला रिकामा असतो.